आत्याच्या डंखाचं पान

मरायला टेकलेली पानं जगवणं हा माझा धंदा. ज्या वेबसाइटचं पान कुणी उघडत नाही ते नव्याने लिहायचं, सर्चमध्ये वर आणायचं आणि आलेला माणूस तिथे जरा रेंगाळला की मीटिंगमध्ये कॉलर ताठ करायची. परळच्या एसीत बसून मी हे करतो, आणि माझा स्वतःविषयी फार चांगला समज होता.

लालबागला माझ्या आत्याचा मसाल्याचा डंख आहे. लोखंडी मुसळं धाडधाड आपटतात आणि मिरच्या कुटल्या जातात. गिरणीतली नोकरी सुटल्यावर तिच्या यजमानांनी तो घातला. ते गेल्यापासून ती एकटी चालवते. गिऱ्हाईक रोडावलं तसा आतेभाऊ म्हणाला, "आई, हा उन्हाळा शेवटचा. नाही चाललं तर गाळा भाड्याने देऊ." आत्या त्या दिवशी जेवली नाही. मला राहवेना. "आत्या, घाबरू नकोस. तुझं पान मी वर आणतो."

पान आतेभावानेच कधीतरी बनवलेलं. त्यावर आत्याने सांगितलेलं एवढंच : मसाला कुटून मिळेल. तुमच्यासमोर. बसायला बाकडं आहे. मी पोट धरून हसलो. बाकडं शोधत इंटरनेटवर कोण येतं? मी भलंमोठं पान लिहिलं आणि वर मथळा ठोकला : "रांग नाही, थांबणं नाही! मिरच्या द्या आणि निश्चिंत घरी जा."

पान वर गेलं. उघडणारे वाढले. चढता आलेख दाखवायला मी लालबागला गेलो, तर डंख गप्प आणि आत्या रिकामं बाकडं पुसत होती. "वर गेला ता दिसता रे," ती म्हणाली. "पण माणसां खंय आसत?"

तेवढ्यात घोडपदेवहून एक बाई आली. भाजलेल्या मिरच्यांची पिशवी छातीशी धरून ती दारातच उभी राहिली. "तुमच्याकडे थांबू देत नाहीत ना? मोबाइलवर वाचलं. टाकून जा म्हणतात तिथे मसाल्यात काय काय जातं, आम्हाला ठाऊक आहे."

आत्याचा चेहरा उतरला. एकीची मिरची दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून ती दर वेळी डंख झाडून घेते. तिला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी मी स्वतः आईबरोबर त्या बाकड्यावर शिंकत बसलेलो. सख्ख्या नणंदेचा डंख, तरी आई मुसळांवरून नजर काढत नसे. एवढं पाहून मोठ्या झालेल्या शहाण्याने लिहिलं होतं, थांबणं नाही.

उभ्याउभ्याच मी माझं पांडित्य पुसलं, जुनी वाक्यं परत टाकली आणि सोबत बाकड्याचा फोटो लावला. बाईला मोबाइल दाखवला. ती बसली. पुढच्या आठवड्यात दोन जावांना घेऊन आली. मग आणखी बायका येऊ लागल्या.

उन्हाळा सरत आला तरी आतेभावाने गाळ्याचा विषय काढला नाही. एका रविवारी त्याने टेम्पोतून दुसरं बाकडं आणून ठेवलं. त्याच दिवशी मी बायकोने भाजून दिलेल्या मिरच्या घेऊन पोचलो. पिशवी आत्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "संध्याकाळी येतो न्यायला."

तिने नव्या बाकड्याकडे बोट दाखवलं. "बस थंय. तुझ्यासमोर कुटतंय. नायतर उद्या परत कायतरी लिवशीत."