खालांचं कफन

आमच्या आणि खालांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. खाला माझ्या मावशी नव्हेत. त्या मुसलमान, मी बौद्ध. पण वयानं त्या माझ्या आईएवढ्या, म्हणून अख्ख्या गल्लीसारखी मीही त्यांना खालाच म्हणते.

दर शुक्रवारी दुपारी त्या बाजेवर बसून मोबाइलवर एक खुतबा लावतात. इस्लामच्या पहिल्या काळातल्या कुणा थोर पुरुषाचं हे प्रवचन, उर्दूत समजावून सांगितलेलं. मी अंगणवाडीतून येऊन जेवत असते, त्यामुळे न बोलावता ऐकते. दुनिया घडीभराचा मुक्काम आहे, इथलं इथंच राहणार, मरणाआधी मोह सोडा, असं बरंच काही. यातलं अर्धंअधिक मी विहारातही ऐकलेलं, म्हणून मला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते खालांनी हे मनावर घेतलं त्याचं.

आधी पितळी हंडा नणंदेकडे गेला. मग भिंतीवरचं घड्याळ, मग दुभती शेळी. एके सकाळी मिक्सर माझ्या ओट्यावर आणून ठेवला.

"खाला, चटणी कायच्यात वाटान आता?"

"पाटा हाय ना! तू कायले फिकर करतं?"

मला असल्या वैराग्याचा रागच येतो. माणसानं शेवटपर्यंत आपली शेळी राखावी, चहात आपलं दूध घालावं, असं माझं मत. ते मी त्यांना ऐकवलं. त्या नुसत्या हसल्या.

पेटीतली एकच वस्तू मात्र त्यांनी हलवली नव्हती. त्यांचं स्वतःचं कफन. त्यांच्या भावानं हजहून येताना पांढरं कापड मक्केतल्या पवित्र जमजम विहिरीच्या पाण्यातून काढून आणलेलं. बाईच्या मयतीला लागतात तसे कपडे त्यातून बेतून, अत्तर लावून त्यांनी ठेवले होते. उन्हाळ्यात ते वाळवायला काढायच्या तेव्हा आमच्या मांजरालाही जवळ फिरकू द्यायच्या नाहीत.

एप्रिलमध्ये गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्या धारवाल्याची बायको तापानं गेली. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरणारी मुसलमान माणसं, इथं त्यांचं कुणी नाही. ऊन असं की मयत ठेवणं कठीण. गावातलं एकुलतं कापडाचं दुकान मालकाच्या घरच्या लग्नामुळे बंद. कारंजाला जाऊन यायचं तर वेळ लागणार. म्हणून मशिदीतले एक म्हातारे गृहस्थ खालांच्या दारी आले.

"आपा, तुमचं तयार हाय म्हणतात."

खाला म्हणाल्या, "नाई. ते नाई देत मी."

गृहस्थ मान खाली घालून गेले. माझं डोकं फिरलं. मी भिंतीवरूनच ओरडले, "शेळी दिली, मिक्सर दिला, अन् त्या बाईले कापड नाई देत? काहून व खाला?"

"ते समदं दुनियेचं होतं. हे दुनियेचं नाई."

त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं आणि ऐकवतही नव्हतं. मोह सोडायचा तर कफनाचं काय करायचं, ते काही त्या प्रवचनात माझ्या कानावर आलं नव्हतं.

गावातल्या मुसलमान बायांच्या मयतीला आंघोळ खालाच घालतात. तशा त्या पालावरही गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या सरळ पेटीपाशी. कपडे काढले, पदराखाली घेतले आणि पुन्हा पालाकडे गेल्या.

मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण संध्याकाळी त्या बाजेवर बसून लहान पोरीसारख्या रडत होत्या.

"देल्लं मी. पर मन तिथंच अडकून राह्यलं. असं देल्लेलं अल्लाले पोचते का व? सांग ना."

मी काय सांगणार? अंगणवाडीत पोरांना वाटून खायला शिकवते मी. खाऊ दिल्यावर पोरगं रडलं तर त्यानं दिलं म्हणायचं की नाही, हे मलाच माहीत नाही. मी त्यांचा हात धरून बसले. चहा करायचंही सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मलाच कारंजाला पाठवलं. साधं पांढरं सुती कापड, ना जमजम ना अत्तर. आणल्यावर हात लावायलाही तयार होईनात.

"माह्यापाशी नको ठेवू. याच्यातई जीव अडकन माहा. तुह्या कपाटात राहू दे. तुले काय त्याचं!"

मीही सहज हो म्हटलं. माझ्या साड्यांखाली ठेवून दिलं.

आता सकाळी भिंतीपलीकडून खालांचा खोकला ऐकू आला नाही की मी भिंतीवरून डोकावते. कपाट उघडलं की नजर आधी तिथं जाते. एक दिवस खालांसाठी कुणीतरी दारात येऊन ते मागेल. त्या माणसाला मी काय म्हणेन, खरंच कळत नाही. तोंडून 'नाई'च निघेल, असं वाटतं.