गिलासातला गाळ

आमच्या शहराच्या जुन्या भागात बोअरची मोटर बिघडली की एकाच मिस्त्रीला बोलावतात. मोटर दुरुस्त करून परत खाली सोडली की पहिलं गढूळ पाणी तो स्वतःच्या काचेच्या गिलासात भरतो, ओट्यावर ठेवतो आणि समोर उकिडवा बसतो. गाळ तळाशी बसल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही.

परवा आमच्याकडे तसाच बसला असताना मी त्याला मोबाइलवर समुद्राचा तळ खरवडून बॅटऱ्यांसाठी धातूचे गोटे उचलणारं यंत्र दाखवलं.

“एवढ्या खोल पाइप फसला तं काढन कोन?” त्यानं विचारलं. मग यंत्रामागे उठलेला गाळाचा ढग त्याला दिसला. मोबाइल डोळ्यांजवळ नेत तो म्हणाला, “अन् हा गाळ बसाची वाट तठी कोन पायते, भाऊ?”

गिलासातलं पाणी निवळलं होतं. चहा मात्र त्यानं तसाच ठेवला.