देवावर देखरेख

देवावर विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण विश्वास ठेवून वर त्याच्यावर देखरेखही ठेवणारा माणूस उभ्या जुन्नर-आंबेगावात एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू, आमचे दाजी. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते देवाला वेळापत्रक देऊ लागले. वारूळवाडीच्या त्यांच्या घरी सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटून बसलं की समोरचे पोहे निवून जातात, पण दाजींचा देव अजून कळंबच्या पुढे सरकलेला नसतो. "प्रभू, लेकरू आता निघंल. मंचरला गावात शिरू नको, बाहेरनं काढ. घोडेगावच्या अलीकडं वळणावर खडी हाय, तिथं जरा स्लो." मी एकदा म्हणालो, दाजी, देवाला रस्ते माहीत असतात. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "माहीत असत्याल. पण खोदकाम चाललंय हे त्याला कुणी कळवलंय?"

लेकरू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावर एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे आणि स्कूटीवरून जाते-येते. पहिल्या दिवशी दाजींनी तिला डोक्यावर हात ठेवून देवाच्या हाती सोपवलं, आणि स्कूटी कोपऱ्यावरून वळताच मोटरसायकल काढून मागोमाग निघाले. मग ते रोजचंच झालं. ती फोन घ्यायला थांबली की हे शेजारच्या कांद्याच्या वावरात शिरून अनोळखी माणसाला पाऊसपाण्याचं विचारू लागत. एकदा तर उसाच्या ट्रॉलीमागे इतके बेमालूम लपले की ट्रॉली पारगावकडे वळली तेव्हा हेही वळले, आणि थेट साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "बाबा, तुमचा ऊस कुठाय?"

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. लेक गाडी ओळखील म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून ते माझी मोटरसायकल नेऊ लागले. हेल्मेट माझं, जॅकेटही माझंच. मी आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंचांपैकी एक आहे. रविवारी उपासनेत उभं राहून, भार प्रभूवर टाका, असं सांगायचं आणि सोमवारी सकाळी साडूच्या हातात किल्ली द्यायची, असं माझं दोन महिने चाललं होतं.

एका संध्याकाळी दाजींची लेक माझ्या दारात उभी राहिली. तिने आरशात माझी गाडी ओळखली होती. "काका, तुम्ही रोज माझ्या मागं का येता?" असं तिने विचारलं. खरं सांगावं तर दाजी सापडतात, आणि गप्प राहावं तर माझी अब्रू जाते. तेवढ्यात किल्ली परत करायला दाजीच आले, डोक्यावर माझं हेल्मेट तसंच.

पोर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, डोंगरातल्या बाया बाळंतपणाला माझ्या हातात जीव देतात. आणि तुम्हाला माझ्या हातात एक स्कूटी देववत न्हाय. उद्या परत मागं आलात तर मी तिकडंच खोली घेईन. मग घरी यायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वारूळवाडीला गेलो. स्कूटी निघून गेली होती. दाजी पायरीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. साधी प्रार्थनाही करेनात. म्हणाले, तोंड उघडलं की रस्ताच सांगायला लागतो.  तासाभराने मी तोंड धुवायचं निमित्त करून मागे गेलो आणि उपकेंद्रात फोन लावला. ती पोचली होती.

परत येऊन मी "दाजी" एवढंच म्हणालो. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी हात वर केला.

"सांगू नका, पावणं. आज मला न कळता बसायचंय."

मी फोन खिशात घातला आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी हात पुन्हा मांड्यांखाली दाबले. पोचल्याची खबर माझ्यापाशी होती, आणि तरी मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.