मास्तरांची एकनळी

वासुदेव शेवटचं काय बोलला, असं भेटायला येणारा प्रत्येक जण मला विचारतो. कोणाला वाटतं, त्याने देवाचं नाव घेतलं असेल. कोणाला वाटतं, बायकोला माझ्या हवाली केलं असेल. तसलं काही झालं नाही. कल्याणच्या दवाखान्यात डोक्याला पट्ट्या बांधून त्याला निजवलं होतं, एक डोळा पार सुजून मिटला होता, आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "नाना, बार लांबवर ऐकू गेला नसेल का रे?" मी म्हणालो, "नसेल." मला तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याने मान हलवल्यासारखी केली आणि डोळा मिटून घेतला. डॉक्टरांनी बोलू देऊ नका म्हणून बजावलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याला आता दीडेक महिना होत आला, पण माझा संताप अजून उतरलेला नाही आणि तो कोणावर काढावा हेही मला कळत नाही.

वासुदेव आणि मी ठाण्याच्या शाळेत एका बाकावर बसत असू. पुढे मी वकील झालो, तो मास्तर झाला, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदूचं, लग्न त्याच्याशी झालं. तेव्हापासून चारचौघांत मला त्याला 'अहो वासुदेवराव' म्हणावं लागे आणि तो मिशीत हसत असे. एकटे असलो की आमचं पहिल्यासारखं अरे-तुरे. स्वभावाने भारी जपून वागणारा माणूस. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघायचा. आगगाडीच्या वेळेआधी इतका लवकर स्टेशनावर जायचा की त्याच्या आधीची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाई, आणि तीत तो चढत नसे, कारण त्याने ठरवलेली गाडी ती नव्हे. मी त्याची यावरून खूप चेष्टा केली आहे. मनाने मात्र असा मऊ की शाळेत पोरांच्या हातावर छडी मारली तर संध्याकाळी स्वतःच अस्वस्थ होऊन बसे.

शहापूर, मुरबाड, वाडा, अशा बदल्यांत त्याची सगळी नोकरी गेली. कधी देवळाच्या ओवरीत संसार, कधी कोणाच्या माडीवर दोन खोल्या. मूलबाळ झालं नाही. पेन्शन झाल्यावर त्याने डोंबिवलीला, गावापासून बऱ्याच अंतरावर, खाडीकडच्या उंचवट्यावर जमिनीचा तुकडा घेतला आणि कौलारू घर बांधलं. चार खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. आयुष्यात पहिल्यांदा तो भिंतीला खिळा ठोकताना कोणाची परवानगी मागत नव्हता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला घरातला प्रत्येक खिळा दाखवला. गोदूला घर आवडलं होतं, पण जागा नाही. गावाचे दिवे दिसतात, पण माणसाचा आवाज येत नाही, असं ती मला हळूच म्हणाली होती.

मग विठ्ठलवाडीच्या बाजूला एका घरावर दरोडा पडला. घरातल्या म्हातारीचे कान ओरबाडून कुड्या काढून नेल्या. गोदूची झोपच गेली. घर विकून कल्याणात, लोकांत राहायला जाऊ, असा हट्टच तिने धरला. मीही तेच सांगितलं, जरा रागावूनच सांगितलं. वासुदेव ऐकेना. पुन्हा भाड्याच्या खोलीत जाऊन मरायचं नाही, एवढंच म्हणाला. पण बायकोची भीतीही त्याला बघवत नव्हती. शेवटी त्याने त्याच्या पद्धतीने हिशोब मांडला. घर गावापासून इतकं लांब की हाक पोचत नाही. बंदुकीचा बार पोचेल. तेव्हा बंदूक घ्यायची.

बंदूक घ्यायला मला मुंबईला बरोबर नेलं. फोर्टातल्या साहेबी दुकानाच्या काचेतून त्याने नुसतं बघितलं आणि पुढे झाला. मग एका बोहऱ्याच्या दुकानात आम्ही जवळजवळ सगळा दिवस काढला. दुकानदार भला माणूस होता. त्याने सहाबारी पिस्तूल दाखवलं, काडतुसांची दुनळी दाखवली, ठासणीची दुनळी दाखवली, आणि अगदी शेवटी, कोपऱ्यातून काढून, ठासणीची जुनी एकनळी. बाकीची गिऱ्हाइकं, याने डुक्कर पडेल का, याने वाघ पडेल का, असं विचारत होती. वासुदेव प्रत्येक हत्यार हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा, याचा आवाज केवढा होतो? दुकानदाराला हे नवीनच होतं. मी म्हणालो, त्यापेक्षा नगारा घे, परवाना तरी लागणार नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "नगाऱ्याला चोर भीत नाहीत, नाना." पिस्तुलाचा आवाज बारीक म्हणून ते गेलं. काडतुसांची दुनळी पेन्शनीत बसेना, शिवाय काडतुसं संपली की पुन्हा मुंबई गाठा. ठासणीची दुनळी त्याने बराच वेळ मांडीवर ठेवली. एका नळीचा बार उडाला तरी दुसरी भरलेली राहते, हे दुकानदार त्याला पटवत होता. पण किंमत जास्त, आणि वासुदेव म्हणाला, मला एकदाच तर उडवायची आहे, पुढचं काम गाव करील. एकनळी घेऊन आम्ही परतलो. स्वस्तात चांगली वस्तू मिळाली म्हणून गाडीत तो मुलासारखा खूश होता.

परवान्यासाठी ठाण्याच्या कचेरीत खेटे घालण्याचं काम माझ्याकडे आलं. हत्यारांचा कायदा झाल्यापासून साध्या माणसाला बंदूक म्हणजे नाकीनऊ. डोंबिवलीच्या पोलीसपाटलाने, जोमा पाटलाने, मास्तर सज्जन आहेत असं सांगितलं म्हणून काम झालं. परवाना हातात पडल्यावर वासुदेव गावात घरोघर गेला. सगळी आगऱ्यांची घरं, भातशेती आणि मिठागरं करणारी. प्रत्येकाच्या ओट्यावर बसून त्याने एकच बोलणं केलं. बार ऐकलात की काठ्या घेऊन धावत या. लोकांनी मनापासून कबूल केलं. पहिल्यांदा त्याने चाचणीचा बार काढला तेव्हा सगळा गाव काठ्या-कोयते घेऊन धावत आला. गोदूने सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी हसली, असं त्याने मला सांगितलं.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला खाडीच्या हवेने. ठासणीच्या बंदुकीत नळीत दारू घालायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, हे सगळं गजाने ठासायचं आणि घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एकदा भरली की भरली, रिकामी करायची तर बार काढूनच. आणि भरून ठेवली की खाडीच्या दमट हवेत आतली दारू सर्दावते. एकदा त्याने सहज करून बघितलं तर टोपी फुटली, बार उडालाच नाही. त्या दिवसापासून तो दर आठवड्याला तिन्हीसांजेला पडवीत उभा राहून जुना बार काढायचा आणि ताजी दारू भरायचा. पहिल्या खेपेला लोक धावत आले. दुसऱ्या खेपेला आले. वासुदेवाला फार संकोच वाटला. दिवसभर चिखलात राबलेली माणसं, आपल्यापायी भाकरी टाकून येतात… तो स्वतः गावात जाऊन सांगून आला, एक बार झाला तर येऊ नका, तो मी दारू बदलतोय. दोन बार लागोपाठ झाले तर मात्र या. लोकांना ते सोयीचं वाटलं. पावसाळ्यात तर दोन-तीन दिवसांआड बार निघू लागला, वार-बिर काही राहिला नाही. गोदूही भरायला शिकली. मी सुट्टीला जाई तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन सराईतपणे गज चालवायची आणि हा बाजूला उभा राहून तिचं कौतुक करायचा.

त्या बाराचा अर्थ गावाने लावला तो असा. आणखी कोणी काय लावत असेल, ते आम्हाला कोणाला सुचलं नाही. पंचक्रोशीत कोणाकडे हत्यार उरलेलं नाही, आणि एका म्हाताऱ्या मास्तराच्या घरात ते आहे, हे तो स्वतःच दर आठवड्याला ओरडून सांगत होता.

त्या संध्याकाळचं गोदूने मला सांगितलं ते असं. दिवे लागायची वेळ होती. मागच्या बाजूने, विहिरीकडून, पाच-सहा माणसं आली. वासुदेवाने त्यांना पाहिलं, गोदूला आत ओढलं आणि पडवीतून आभाळाकडे बार काढला. माणसं दचकून थांबली. तेवढ्या वेळात दाराआड गोदूने बंदूक पुन्हा भरली. तिचा हात कापला नाही, असं ती मला दोनदा म्हणाली. वासुदेवाने भरलेली बंदूक घेतली आणि पुढच्या माणसावर रोखली. आता हा दुसरा बार वर काढला तर गाव येईल, पण बंदूक रिकामी होईल आणि माणसं तर अंगणात उभी. समोरच्यावर झाडला तरी बंदूक रिकामीच, आणि बाकीचे आहेतच. शिवाय माणसावर गोळी घालणं त्याच्याच्याने झालं असतं असं मला वाटत नाही. जोवर ती भरलेली आहे तोवर ते जागचे हलत नव्हते. म्हणून तो तसाच उभा राहिला. नजर मात्र पुन्हा पुन्हा गावाच्या वाटेकडे जात होती. गोदू आतून म्हणाली, "अहो, उडवा." तो म्हणाला, "थांब. पहिला ऐकलाय त्यांनी. येतील." दोन बारांची अट स्वतःच घातलेली, तरी एका बारावरही कोणीतरी येईल अशी आशा त्याने धरली असावी. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. एक जण पडवीच्या बाजूने चढला, त्याने बंदूक हिसकावली आणि तिच्याच दस्त्याने वासुदेवाच्या डोक्यात घातली. घरात त्यांना तांब्याची भांडी मिळाली, गोदूची नथ मिळाली. भांडी त्यांनी वाटेत टाकून दिली. बंदूक नेली.

तेराव्यानंतर मी डोंबिवलीला गेलो तो भांडायच्या तयारीनेच. जोमा पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं होतं. मी वकिली आवाजात विचारलं, बार ऐकला होतात की नाही? मग जोमा बोलला, "आयकला, वकीलसाहेब. सगल्यांनी आयकला. दुसरा बार व्हल म्हनून कान देऊन बसलो व्हतो. पोरांना पन गप केला. दुसरा झालाच नाय…" आणि एवढा दांडगा माणूस उपरण्यात तोंड घालून रडायला लागला. भांडायला गेलेला मी तसाच खाली बसलो. इकडे तो त्यांच्या पावलांची वाट बघत होता, तिकडे सगळं गाव त्याच्या बाराची वाट बघत श्वास रोखून बसलं होतं. दुनळी असती तर… पण हे मी आता बोलून काय उपयोग? दुनळी घेऊन तरी तो वाचला असता की आणखी मोठी टोळी आली असती, कोण सांगणार. मला तर आता वाटतं, ते घर, तो उंचवटा, तो स्वभाव, यांतून सुटकेची वाटच नव्हती.

चौकशीला फौजदार आले. त्यांनी माझ्या बहिणीला जे प्रश्न विचारले त्यांतले बहुतेक बंदुकीबद्दल. कुठे ठेवत होतात, कुलूप होतं का, परवान्याची वस्तू परक्याच्या हाती गेलीच कशी. माणूस मेला आहे याची आठवण मला त्यांना करून द्यावी लागली. चोर सापडले नाहीत. घराला गिऱ्हाईक नाही, दरोडा पडलेल्या जागेत कोण राहायला जाणार? वासुदेवाने ठोकलेल्या खिळ्यांवर अजून त्याची छत्री आणि कोट लटकतो आहे. ते आणायला जाणं माझ्याने होत नाही.

गोदू आता ठाण्याला, नौपाड्यात आमच्याकडेच असते. जेवते, कामाला हात लावते, विचारलं तेवढं बोलते. तिला आता कसलीच भीती वाटत नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. आमची गल्ली गजबजलेली, शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो इतकी घरं चिकटून. तरी दिवे लागले की ती पुढच्या उंबऱ्याशी येऊन बसते, रस्त्याकडे तोंड करून. रात्र पडायला लागली की माझी बायको दाराची कडी लावायला जाते. तेव्हा गोदू तिचा हात धरते आणि हळूच म्हणते, "इतक्यात नको, वहिनी. माणसं यायची आहेत." पहिल्यांदा आम्ही तिला समजवायला गेलो. आता नाही समजवत. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत दार तसंच उघडं ठेवतो.