पुढं कुणी नसलेला घोडा

पाचगणीच्या पठारावर भाड्याच्या घोड्यांची रांग संथ चालली होती. मी बसले होते तो घोडा सगळ्यांच्या पुढं होता. उंच, तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका आणि एका गुडघ्यावर जुना व्रण. लगाम धरून चालणारे हसनचाचा म्हणाले, "रेसचा आहे, ताई. शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या मागं राहायचा, मग एकेकाला गाठत यायचा. अजून म्होरं घोडा दिसला की आवरत नाही. म्हणून ह्यालाच म्होरं ठेवतो. मग गरीब गाईसारखा चालतो."

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. पहिलं येण्यासाठी तो धावत असेल, असं मला वाटलं होतं. त्याला तर फक्त पुढं कुणीतरी असायला हवं होतं. निवृत्तीनंतर माझे वडीलही असेच शांत झाले होते, आणि आम्ही त्याला समाधान म्हणत होतो.

पठाराच्या कडेशी घोडा थांबला. समोर नुसती दरी होती. त्यानं मान वळवून मागून येणाऱ्या रांगेकडं पाहिलं. चाचांनी हलकेच त्याचं तोंड पुन्हा पुढं केलं.