ओल्या चपला कुठल्या पानावर?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मखमलाबादच्या मळ्यात आमचं सगळं घर झेंडूच्या ढिगाभोवती माळा ओवायला बसतं. मी सुईत दोरा ओवेपर्यंत बाकीच्यांची एकेक माळ होते, म्हणून मला गोष्टी सांगायच्या कामावर नेमलंय. ढीग संपेपर्यंत गोष्ट पुरवायची, एवढीच अट.

यंदा बहिणीची मुलगी कॉलेजचं काम घेऊन बसली. मी दरवर्षी सांगतो तीच कथा तिला अभ्यासाला आली होती. एक आई रोज मुलाची वाट पाहते आणि शेवटी दाराची कडी वाजते. मुलगा आला की वाऱ्यानं वाजली, ते लेखकानं सांगितलेलं नाही. भाचीला वर्गापुढे आपलं मत मांडायचं होतं आणि प्रत्येक मुद्द्याला कथेतलं वाक्य दाखवायचं होतं. मागच्या खेपेला वाक्य दाखवता आलं नाही, तेव्हा बाईंनी तिला मधेच खाली बसवलं होतं. ते तिला फार लागलं होतं.

"मुलगा आला," मी म्हणालो. "उंबऱ्याशी ओल्या चपला आहेत ना!"

"तेच लिहिलंय मी. पण मामा, पान सापडेना."

मी चष्मा लावून पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. चपला नव्हत्या.

"असं कसं?" वहिनी म्हणाली. "चांगल्या चामड्याच्या होत्या. डावीचा अंगठा तुटलेला."

"आम्हाला आठवून काय उपयोग मामी, बाईंना दिसायला पाहिजेत."

मग माझ्या ध्यानात आलं. कुठल्याशा वर्षी ढीग मोठा होता, गोष्ट तोकडी पडत होती. चपला मीच आणून ठेवल्या होत्या. अंगठा बहुधा पुढच्या दसऱ्याला तुटला. मी तसं कबूल केलं.

"भाऊजी, पोरीला तोंडघशी पाडलं असतं तुम्ही!"

भाची माळ बाजूला ठेवून पुन्हा वाचू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, हे बघ. आधी कडी वाजते तेव्हा आई दरवेळी धावते. शेवटी वाजते तेव्हा ती भाकरी उलटते. उठतच नाही."

"करपेल म्हणून नसेल उठली."

"आधी धावली तेव्हा करपलीच होती की! हे काय, इथंच आहे. मुलगा आला की नाही ते कथेत नाहीच. आईनं वाट पाहणं सोडलं, ते आहे."

दसऱ्यानंतर ती वर्गात बोलली. बाईंनी जिथं जिथं अडवलं तिथं तिनं पान काढून दाखवलं, आणि शेवटपर्यंत उभी राहिली.

मला तिचा अर्थ अजून पटलेला नाही. मुलगा आलाच. पण वाक्य मागितलं तर माझ्याकडे नाही, म्हणून सध्या मी घरात हा विषय काढत नाही.