गोंधळे सर आणि पायातली गाठ

रुग्णासमोर “मला कळत नाही” असं मोठ्यांदा म्हणणारा डॉक्टर मी एकच पाहिला. पैठण रस्त्यावरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात ते हाडांचे डॉक्टर होते. आडनाव वेगळंच होतं, पण आम्ही नर्स मंडळी पाठीमागे त्यांना गोंधळे सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. “बरोबर ठेवलंय नाव,” म्हणायचे.

दुष्काळाची वर्षं होती. शहर याच रस्त्यानं वाढत चितेगावच्याही पुढं सरकत होतं, आणि टँकरपुढच्या रेटारेटीत पडून म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडत होते. शस्त्रक्रिया सर झटक्यात करायचे. अडायचं ते पुढच्या सुईपाशी. पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ धरते. ती सुटून फुप्फुसात गेली की जिवावर बेततं. ती धरू नये म्हणून रोज पोटात इंजेक्शन द्यायचं. ते महाग, आणि गरिबांसाठीचा निधी तुटपुंजा.

खुबा मोडून आलेल्या बिडकीनच्या कडूबाईंच्या मुलाला सर हेच समजावत होते.

“सुई नाय दिली तर गाठ व्हतीच का?” त्यानं विचारलं.

“नाही. बहुतेकांना होत नाही.”

“मंग टोचायची कशाला?”

“कोणाला होईल ते आधी समजत नाही ना!”

मुलगा बुचकळ्यात पडला. सरही. शेवटी कडूबाईच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या साहेब, पाय लई हलका वाटतोय.” सरांनी मान डोलावली. पुढं मी त्यांना उभं करत असताना “दम लागतोय गं” म्हणाल्या आणि माझ्या हातातच कोसळल्या, त्या गेल्याच. मुलगा सरांना एवढंच म्हणाला, “तुमी सांगितलं व्हतं.” तेच सरांना सोसेना.

मग ते सगळ्यांनाच सुई लिहू लागले, हाताला प्लास्टर घालून वऱ्हांड्यात हिंडणाऱ्यांनाही. या सुईनं रक्त पातळ होतं; एका मास्तरांच्या पोटात रक्तस्राव झाला. निधी आटला. परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याच्या पायात हाड जोडायला धातूची पट्टी बसवायची होती, ती पैशांअभावी रखडली. सर त्याच्या खाटेशी बसून राहिले. “एकाला वाचवायला दुसऱ्याचं काढून घेतोय का हो मी, सिस्टर?”

हळूहळू त्यांनी एक वाट धरली. प्रत्येकाशी बसून बोलायचे: वय काय, आधी कधी गाठ झाली होती का, किती दिवस उठता येणार नाही. धोका जास्त असेल त्याला सुई. बाकीच्यांना लवकर चालवायचं, पाणी पाजायचं. तरीही सही करताना पेन अधांतरी थांबायचं. “जे घडलंच नाही, त्याची किंमत कशी काढायची?”

निवृत्तीनंतर त्यांचाच खुबा मोडला आणि ते आमच्याच वॉर्डात आले. सुई रोज मीच दिली. वॉकर टेकत घरी निघाले तेव्हा दारात थांबले. “तुम्ही मला वाचवलंत, की नुसतंच टोचलंत?”

“घरी चाललात ना सर, बास झालं,” म्हणत मी त्यांना रिक्षात बसवलं.

पुढं ते मुलीकडे राहायला गेले. नातीच्या लग्नात नाचलेही म्हणे. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका आजोबांच्या पोटाची चिमूट धरून इंजेक्शन देत होते. हात थांबला नाही. डोळ्यांपुढचं मात्र सगळं पुसट झालं.